भाजक

कायाबाचोतल्या आमच्या दुकानात तीन खुर्च्या होत्या.
वडील, तात्सुझो कुरामोची, दलालांची डोकी भादरायचे
आणि आई मऊ ब्रशानं मानेवरचे केस झटकायची.
शेअर बाजार दोन गल्ल्या पलीकडे.
बाजार चढला की गिऱ्हाईक दाढीही करून घ्यायचं,
पडला की, "फक्त कडेकडेनं."
वडिलांना निर्देशांक असा कळायचा,
वर्तमानपत्राच्या आधी.

एकोणनव्वदच्या डिसेंबरात
एक ओली मान टॉवेलातून म्हणाली,
एकेक कंपनी काय निवडत बसता, अख्खा बाजारच घ्या.
वडिलांनी फंड घेतला. दोनशे पंचवीस कंपन्या, एक पावती.
वर्ष संपताना आकडा होता
अडतीस हजार नऊशे पंधरा.
आईनं पावती वस्तऱ्यांच्या खणात ठेवली.

मग चौतीस वर्षं.

त्यातली बरीचशी मी
तोच आकडा काढणाऱ्या कचेरीत काढली.
"म्हणजे नक्की करतेस काय?"
दोनशे पंचवीस भाव घ्यायचे, बेरीज करायची, भागायचं.
ज्याचा भाव मोठा, त्याचं वजन मोठं.
एक उंच माणूस वाकला
की सगळ्या रांगेची उंची कमी भरते.
"म्हणजे मापाचा नाही, रुबाबाचा हिशेब.
आणि लाभांश?"
तो यात धरत नाहीत.
"हं. डोक्यावर उरलं ते मोजायचं,
कापून खाली पडलं ते नाही."
इतकं नेमकं आमच्या माहितीपत्रकातही नव्हतं.

ईटीएफ त्यांना एका बैठकीत कळला.
फंडच, पण शेअरसारखा दिवसभर बाजारात मिळणारा,
फळ्यावरचा भाव द्यायचा आणि घ्यायचा.
"कितीला?"
साधारण दहा डोक्यांना.
"आणि एवढं घेतं कोण?"
सगळ्यात मोठं गिऱ्हाईक देशाची बँक.
सकाळी बाजार पडला
की दुपारी हळूच येऊन घेऊन जायची, वर्षानुवर्षं.
वडील हसले तेव्हा हातातली कात्री हलली.
"असं एक गिऱ्हाईक मिळालं असतं
तर तिसरी खुर्ची विकावी लागली नसती."

भाजकाशी मात्र अडले.
मी वीजबिलाच्या पाठीवर लिहून दाखवलं:
तीनशे, पाचशे, शंभर. बेरीज नऊशे, भागिले तीन. आकडा तीनशे.
आता शंभरवाल्याला काढायचं,
त्याच्या जागी चारशेवाला.
बेरीज बाराशे. मग भाजक करायचा चार.
आकडा पुन्हा तीनशे.
"डोकी तीन आणि भाजक चार?"
हो. कुणी गेलं, कुणी आलं,
तरी आकड्याला धक्का बसू नये म्हणून.
रात्रीतून बदलतो आम्ही.
सकाळी आकडा जिथल्या तिथे,
जणू रांगेतून कुणी उठलंच नाही.

ते बराच वेळ वीजबिल बघत राहिले.
मग उलटं करून रक्कम वाचली
आणि गल्ल्याखाली ठेवलं.

परवाच्या फेब्रुवारीत आकडा एकदाचा तिथे पोचला.
काबुतोचोत कॅमेरे, फलकासमोर फोन उंच धरलेली माणसं.
कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.
मी दुकानात गेले तेव्हा खण उघडा होता,
पावतीला गंजाचा वास.
"तेव्हाचे किती उरलेत यात?"
माझ्याकडे यादी होती. दोन मिनिटांचं काम.
म्हटलं, बघून सांगते.
अजून सांगितलेलं नाही.
त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

आईला जाऊन अकरा हिवाळे झाले.
दुकान चालू आहे. गिऱ्हाइकं बदलली,
दलाल आता पडद्यामागे, डोकी बहुतेक आसपासच्या निवृत्तांची.
हिशेबाची वही उघडली तर
वर्षामागून वर्ष रेघ जवळपास सरळ जाते.

फक्त केस कापून झाले
की वडील अजून अर्धं पाऊल बाजूला सरकतात,
मानेशी कुणाला तरी पोचता येईल
एवढी जागा सोडून.
गिऱ्हाईक मान खाली घालून थांबलेलं असतं.

मग स्वतःच ब्रश घेतात.