टोस्टाचा रंग

भुतडांच्या पोराने काउंटरवर दोन डब्या ठेवल्या.
एक साधी, पंच्याण्णव रुपयांची.
दुसरीवर सोनेरी अक्षरांत इरिडियम,
साडेसहाशे. एकाचे.
ओम्नीला लागतात तीन.
'घ्या काका. लाख किलोमीटर झाकण उघडून पाहाचं काम नाही.'

लाख म्हटलं की मला आधी गाव आठवतं,
दिग्रसहून निघालं की आमच्याच लाइनीवरचं.
तिथं अठरा पाकिटं टोस्ट, सहा खारी उतरते
आणि जमनाबाई आडेची वही, जिची बेरीज
तिला पाठ असते, मला नाही.

तिथंच उभं राहून बोटांवर मोजलं.
रोजचे बासष्ट किलोमीटर,
महिन्याचे सव्वीस दिवस, सोमवारी भट्टी बंद.
पाच वर्षं दोन महिने.
तोवर मी सदुसष्टचा.
आणि गाडीनं तर आताच
दोन लाख ऐंशी हजार ओलांडलेत.
तिन्ही डब्या घेतल्या.
का, ते घरीही सांगता आलं नाही.

अजाबराव मिस्त्रीनं जुने प्लग खोलले,
गोणपाटावर ओळीनं मांडले,
एक, दोन, तीन, जसे बसले होते तसे.
'पाय, उकंडा.'
रंग पाहायला मला शिकवावं लागत नाही.
चाळीस वर्षं भट्टीच्या तोंडाशी तेच केलं.
भट्टीत पांढरा म्हणजे कच्चा,
इथं पांढरा म्हणजे आच जास्त,
एवढाच हिशेब उलटा.

पहिला: टोस्ट. दुसऱ्यांदा भाजून काढलेला, कडेला किंचित गडद.
दुसरा: तोच घाणा, तोच रंग.
तिसरा काळा. ओला काळा.
बोट लावलं तर बोटही.

'तिसरं सिलिंडर ऑइल पेते. रिंगा गेल्या.
त्याच्यात सोन्याचा प्लग टाकशीन तरी
म्हैन्याभरात असाच काया.'
'मग दोघांत हे टाक, तिसऱ्यात साधा.'
'एका जुवाले बैल अन् घोडा जुपतं का तू?'
मी बैलही कधी जुपला नाही,
पण गप्प बसलो.

त्यानं नवा प्लग डबीतून काढला,
उन्हाकडे धरला.
गव्हाच्या कुसळाएवढं टोक.
एवढ्याशा जागेवर
लाख किलोमीटर ठिणगी उभी राहणार.
'नाकाले हात लावू नोको याच्या,' म्हणाला,
आणि जसा काढला तसाच
परत ठेवून दिला, झोपलेलं लेकरू ठेवावं तसा.

रिंगांचे चौदा हजार.
चौदा हजारांचे टोस्ट मी मनात रचायला घेतले,
पाकिटावर पाकीट,
अर्ध्यात थकलो.
'दिवाईच्या सीझननंतर पाहू,' मी म्हणालो.
'पाहू,' तो म्हणाला, आणि फळीवरचे तीन साधे उतरवले.
एक्साब्लेडचं तुटकं पातं फटीत घालून पाहिलं,
हलकं ठोकलं, पुन्हा घातलं.
'दहा हजारावर घेऊन ये. खोलून पाहू.
मले बी बरं वाटते पाह्याले.'

आता पहाटे साडेचारला
मागे गरम पावाची वाफ, काचांवर दव,
आणि किल्ली फिरवली की
पंच्याण्णव रुपयांचा जाळ पहिल्या झटक्यात धरतो.
तिसरं सिलिंडर थोडं खोकतं.
तुपटाकळीच्या चढावर खोकतं, मग विसरतं.

साडेसहाशेवाले डॅशबोर्डच्या खणात आहेत,
खारीच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेले.
खड्डा आला की खुळखुळतात.
नातवानं परवा विचारलं, आबा, त्याच्यात काय हाय?
पाच वर्षं दोन महिने, म्हणालो.
त्यानं खण उघडला, पाहिलं,
आणि नीट लावून घेतला.