अर्धा घोडा

ऑफिसात पहिला प्रश्न हाच :
अर्धा म्हणजे, पुढचा की मागचा?
मी म्हणते, मंगळवार, गुरुवार, शनिवार.
बाकीचे वार डॉक्टर केर्सींचे, दातांचे डॉक्टर, ताडदेव.
रविवारी तो कुणाचाच नसतो,
रविवारी तो घोडा असतो.

शर्यतीच्या पुस्तकात त्याचं नाव इंग्रजी, लांबलचक,
एखाद्या राजाच्या फर्मानासारखं.
एकोणीस वेळा धावला. एकदा तिसरा आला,
तेही पुढच्या एकाला बाद ठरवलं म्हणून.
पागेत त्याला शेंगदाणा म्हणतात.
भाजलेल्या, साल न पाखडलेल्या दाण्याचा रंग,
आणि डाव्या कानामागे मीठ सांडल्यासारखे ठिपके.

खर्चाचं विचारू नका.
चंदी, गवत, नाल, मोतद्दाराचा पगार,
आणि दर महिन्याला असं काहीतरी
जे आधीच्या महिन्यात नव्हतं.
विद्याधर म्हणतो, एवढ्यात गाडी आली असती.
आली असती.
खाली उभी राहिली असती, ताडपत्री पांघरून.

घोडामैदान जवळ असणं
ही इतरांसाठी म्हण.
मला महालक्ष्मीच्या बसथांब्यापासून सात मिनिटं,
पहाटे, हाजी अलीकडून येणारा खारट वारा तोंडावर घेत.
तंग आवळताना तो पोट फुगवून धरतो.
मी वाट बघते. तो श्वास सोडतो.
मी आणखी दोन भोकं आवळते,
आणि दोघंही काही घडलंच नाही असं दाखवतो.

शेहेचाळिसाव्या वर्षी शिकले.
पहिले सहा महिने दुडकी म्हणजे
अंधारात जिन्याची पायरी चुकावी, तसं दर पावलाला.
मग एका मंगळवारी, का ते माहीत नाही,
माझं उठणं-बसणं त्याच्या खुरांत मिसळून गेलं.
चोवीस वर्षांच्या नोकरीत जे जमलं नव्हतं :
दुसऱ्याच्या पाठीवर असूनही
त्याला जड न होणं.

मार्चमधली गोष्ट. बुधवारची रात्र, साडेअकरा.
हुकमारामचा फोन : मॅडम, लोळतोय. पोटाकडे बघतोय सारखा.
मी पोचले तेव्हा डॉक्टर केर्सी आधीच आलेले,
पायजम्यावर, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.
जनावरांच्या डॉक्टरांनी सुई दिली, कान लावून पोट ऐकलं,
म्हणाले, खाली बसू देऊ नका. फिरवत राहा.

शाळेतलं कोडं आठवलं :
भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला?
तेव्हा बाईंना उत्तर खणखणीत दिलं होतं.
आता तेच उत्तर हातात दोर धरून देत होते,
दिव्याच्या खांबापासून पाण्याच्या हौदापर्यंत,
हौदापासून खांबापर्यंत.

बारा वाजले. गुरुवार लागला.
म्हणजे हिशेबाने तो आता माझा,
आणि डॉक्टरांनी घरी जायला हरकत नव्हती.
ते म्हणाले, तमे जरा बेसो, आणि दोर घेतला.
रात्रभर त्याच्याशी हळू गुजरातीत बोलत राहिले,
दाढ काढताना पेशंटशी बोलत असतील तसं.

साडेचारला शेंगदाणा थांबला.
शेपूट उचललं.
हुकमारामने बॅटरीचा झोत टाकला
आणि आम्ही तिघांनी पाहिली
वाफाळती, हिरवट, देखणी लीद.
डॉक्टरांनी मला मिठीच मारली.
हुकमारामने हात जोडले, नेमके कुणाला ते विचारलं नाही.

आता ऑफिसात कुणी विचारलं
तर छाती काढून सांगते : मागचा.

त्या शनिवारी खोगीर घातलं नाही.
दोर सैल सोडून गवतात उभी राहिले.
वर घारी, रस्त्यावर पहिले हॉर्न.
तो चरत पुढे सरकेल
तेवढी मीही सरकत होते,
दातांनी गवत तुटतानाचा
तो कुरकुरीत आवाज ऐकत.