शिल्लक माल

सदरच्या मॉलमध्ये, पैसे द्यायच्या रांगेपाशी,
ऐंशी टक्के सूट.
फुलं गळालेली, दांडीला सोनेरी रिबन अजून तशीच.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला,
मेलंय ना जी ते, काऊन नेता?

घरी कुंडी उपडी केली.
ओल्या शेवाळात मुळं गच्च कोंबलेली,
दाबली की साल निसटून हातात येई,
आत नुसता दोरा.
कातरी गॅसवर तापवून छाटली,
कापल्या जागी दालचिनीची पूड.
उरली तीन.

मग कोळसा, नारळाच्या शेंड्या,
आणि नवतपाच्या आदल्या दिवशी
कूलरच्या खिडकीत, थेट वाऱ्यापासून जरा बाजूला.
बाहेर सत्तेचाळीस.
आत ओल्या वाळ्याच्या वासात
आम्ही दोघं दुपारभर पडून.
डेकाटेबाई डोकावल्या: कांदा लावलास का गं?

कोजागिरी झाली. कूलर झाकायला माणूस आला,
त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये.
विजेचं बिल कोणाला दाखवलं नाही.

आज पानाच्या बगलेतून
हिरवं, नखाएवढं काहीतरी.
मूळ असेल, किंवा फुलाची दांडी,
इतक्यात कळत नाही.
चष्मा लावून पाहिलं. काढून पाहिलं.

रिबन ड्रॉवरमध्ये आहे.