हातचा

केटा गावात वाट विचारली
तर उजव्या हातानेच दाखवतात.
उजवा माशांनी बरबटला असेल
तर बाजारातली बाई कोपराने दाखवते, हनुवटीने दाखवते,
आणि अगदीच नाइलाज झाला
तर आधी "डाव्याची माफी" म्हणते
मग सुटे पैसे हातावर ठेवते.

अशा गावात मी, गणिताची नवी बाई,
सातवीला म्हटलं,
शक्यता शिकायची तर आधी मोजू या.
डावखुरे किती? हात वर करा.

एकही हात वर आला नाही.
रात्री अंथरुणात उमगलं:
कुठला वर करणार होते?

हेडमास्तर आग्बेन्येगा म्हणाले,
आमच्याकडे नाहीतच तसले.
वहीत मांडलं: चव्वेचाळीसात शून्य.
घासून पालथ्या घातलेल्या भांड्यासारखं
स्वच्छ शून्य.

पण शनिवारी खाडीकाठी
मी सेन्योला जाळं सांधताना पाहिलं होतं.
डाव्या हातातली सुई
गाठीतून गाठीत, न बघता.
आणि सोमवारी तोच मुलगा
उजव्या हाताने सातचा आकडा काढतो
तेव्हा तो सात
वाऱ्यात छत्री धरून उभा राहिल्यासारखा.

मग मी एक सेडीचं नाणं काढलं.
एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला गरुड.
वहीच्या आडोशाला उडवा, म्हटलं,
कुणाला दाखवू नका, मलाही नाही.
तराजू आला तर डोळे मिटून "हो" लिहा.
गरुड आला तर खरं लिहा.
चिठ्ठीवर नाव नको.

"म्हणजे माझ्या 'हो'चा अर्थ काय?" डेलालीने विचारलं.
काहीच नाही, म्हटलं.
एकट्या 'हो'ला अर्थ नाही. सगळ्यांचे मिळून आहे.

नाणं बाकांवरून फिरत राहिलं.
दोनदा खाली पडलं, एकदा खिडकीतून वाळूत गेलं,
शोधायला अर्धा वर्ग बाहेर.
शेवटी माझ्याकडे आलं.
मीही उडवलं. पंचेचाळिसावी चिठ्ठी.

बिस्किटांच्या डब्यातून 'हो' निघाले सत्तावीस.
नुसत्या नाण्याचे किती असतील?
पंचेचाळिसाचे निम्मे, साडेबावीस.
वर्ग हसला.
"बाई, अर्धा माणूस कुठून आणायचा?"
मीही हसले. बोलले नाही
की अर्ध्याने लिहिणारा
आणि अर्ध्याने जगणारा एक
तिसऱ्या बाकावर बसलाय. आणि एक फळ्यापाशी.

सत्तावीसातून साडेबावीस गेले.
साताला पाच जमेनात, म्हटलं,
एक हातचा घ्या.
राहिले साडेचार.
हे फक्त गरुडवाल्यांतले, अर्ध्या वर्गाचे.
दुप्पट करा.

नऊ.

वर्गात अशी शांतता पसरली
जशी होडीत कुणी मागच्या बाजूला सरकलं की पसरते.
मान कुणी वळवली नाही.
प्रत्येक जण पुढे बघत
शेजाऱ्याच्या बोटांचा अंदाज घेत होता.

नऊच असं नाही, मी घाईने सांगितलं,
चार असतील, चौदा असतील,
नाणं काही शपथ घेत नाही.
पण शून्य?
शून्य असण्याची शक्यता फार थोडी आहे.

कुणाचा 'हो' तराजूचा, कुणाचा गरुडाचा
हे मला कधीच कळणार नाही.
माझ्या नाण्यावर काय आलं होतं
ते मी इथेही लिहिणार नाही.

घंटा झाली. फळा पुसताना खडू हातून निसटला.
वह्यांचा गठ्ठा उजव्या काखेत धरून
सेन्यो वाकला, खडू उचलला, पुढे केला.
"डाव्याची माफी," म्हणाला, सवयीने.
मी घेतला.
कुठल्या हाताने, ते त्याने पाहिलं
आणि वह्या सावरत
बाहेर पळाला.