मोजणी

नोंदवहीत रकाने होते: जागा, जात, संख्या,
आणि शेवटी 'स्थिर / फिरता', नको ते खोडा.

पिएदाद बायच्या आंगणातलं झाड पहिल्याच दुपारी लिहून झालं.
सूचीपर्णी. एक. उंची शाळेच्या दुप्पट.
'फिरता' खोडलं. ते कुठे जाणार होतं?

ससा मात्र तीन रात्री कोरा राहिला.
लोलयेच्या सड्यावर, जांभ्याच्या अजून न निवलेल्या पाठीवर
शाबा वेळीप बॅटरी पायांशी धरून चालायचा.
वर धरली की डोळे पेटतात, म्हणाला,
आणि मग त्याला वाटतं, आपण बंदूकवाले.
लेंड्या सापडल्या. वाटाण्याएवढ्या, कोरड्या,
फोडल्या तर आत नुसतं गवत.
साहेब फोनवर म्हणाले, लेंडी म्हणजे ससा नव्हे.

चौथ्या पहाटे दिसला.
म्हणजे आधी गवत दिसलं, मग गवताला कान,
मग मानेवरचा काळा डाग,
शाईचं बोट कुणी घाईत पुसावं तसा.
मी श्वास घेतला तेवढ्यात तो नव्हता.

शाबाने जागा दाखवली. पसाभर दबलेलं गवत.
तळवा टेकला. ऊब होती.
बीळ नाही, छप्पर नाही, एवढंच.
"हाकला, कुत्री घाला अंगावर,
गोल फिरून इथंच येणार.
माझा आजो दाखवायचा, तेव्हाही इथंच."
आम्ही ज्याला ससेहोलपट म्हणतो
ती याच्या घराभोवतीची प्रदक्षिणा निघाली.
त्याला रकाना नव्हता.

उतरल्यावर पिएदाद बायने पेज वाढली, खारातलं तोर.
झाड सासऱ्याने आणलं, म्हणाली. तार्वटी होता.
बिस्किटांच्या डब्यात, बोटीवरचं
आपल्या वाट्याचं गोडं पाणी पाजत.
"सरळ लावलं होतं. मी नवी नवरी,
ओळंब्याची दोरी मीच धरलेली. आता बघ."

बघितलं.
साठ वर्षांत, कुणाच्या लक्षात येणार नाही इतकं इतकं,
ते दक्षिणेला कलत गेलं होतं,
जिकडे, फार पाण्यापलीकडे, त्याचं बेट आहे.
खोडाला ओढून धरणारी तार
सालीत रुतून गंजली होती.

"पडलं तर?" मी विचारलं.
"घरावर नाही पडायचं," ती म्हणाली,
ताटलीत आणखी पेज ओतत.
"घराकडे पाठ आहे त्याची. पहिल्यापासून."