बूच

किल्ली माझ्या खिशात राहील.
शर्टाच्या, बटण असलेल्या खिशात.
तिच्याशिवाय हा लाल गोल म्हणजे
नुसतं एक बटण, कितीही दाबा.

हे मी दर वेळी सांगतो,
भांडुपच्या मिठागराच्या बांधावर, पावणेसातला,
खाडीचा वारा अंथरुणातून उठायच्या आत.
नऊ मुलं ऐकतात
शाळेत प्रार्थना ऐकतात तशी,
ओठ हलवत, नजर चपलांकडे.

चौकीचा शिक्का असलेला कागद पिशवीत आहे.
सुकं गवत काल संध्याकाळीच काढलं,
बादलीत पाणी आहे, बादलीला कोणी लाथ मारू नये.
धातूचं काही नको. नळी पुठ्ठ्याची, नाक थर्माकोलचं,
वरून पडताना पुठ्ठा पुठ्ठाच राहतो,
लोखंड माणूस शोधत येतं.
पलीकडे रोहित पक्षी उभे आहेत,
ते उडाले तर आपण थांबायचं.
विमान उतरताना दिसलं तरी थांबायचं.
आपलं रॉकेट त्याच्या पायापर्यंतही पोचत नाही, माहीत आहे,
पण जिन्यात असतं तसं:
वर जाणाऱ्याने उतरणाऱ्याला वाट द्यावी.
आणि त्या हाय टेन्शनच्या तारा.
तारेवर अडकलं ते तारेचं झालं.

सळई रोवली की टोकाला बूच.
प्रयोगशाळेतलं, परीक्षानळीचं, उंदराने कुरतडलेलं.
सळई उभी असते बरोबर
वाकून बघणाऱ्या पोराच्या डोळ्याच्या उंचीवर.

आज निलोफर मुकादमची पाळी.
बूच काढलं, रॉकेट चढवलं, पंधरा पावलं मागे.
किल्ली दिली.
पाच, चार, तीन, दोन, एक.

काही नाही.
टिटवी ओरडली तेवढी.

‘लागलं नाही वाटतं,’ हर्षल कोयंडे म्हणाला
आणि एक पाऊल पुढे टाकलं.

मी ओरडलो. तो आवाज मला माझा वाटला नाही.
पोरं गोठली. मी किल्ली काढून घेतली.
साठ म्हणायचे, मोठ्याने, सगळ्यांनी.

हे वाक्य मी एकदा म्हटलं होतं,
करी रोडला, चाळीच्या गच्चीवर, नऊ वर्षांचा असताना,
नरकचतुर्दशीच्या पहाटे.
म्हटलं आणि वाकलो.
मुलांना वाटतं, सर एकाच डोळ्याने हसतात.

अठ्ठावीसनंतर तीस म्हणतात, मी त्यांना मागे आणतो.
एकोणतीस. पुन्हा म्हणा.
एकोणचाळीसला अडखळतात,
एकोणपन्नासला दोन तट पडतात, भांडण होतं,
आणि त्या भांडणात वेळ जातो
हेच तर हवं असतं.
पुठ्ठ्याची नळी उन्हात उभी.
तिच्या पोटात काय चाललंय कोणालाच ठाऊक नाही.
साठ.

मी एकटा गेलो.
क्लिपला मिठाच्या हवेने गंज चढला होता, एवढंच.
पॉलिश पेपरने घासली, तार पुन्हा अडकवली,
पंधरा पावलं, न वळता, मागे.

दुसऱ्यांदा गेलं.
आधी पांढरी रेघ, मग आवाज,
मग नऊ माना एका कोनात.
वर छत्रीच्या कापडाचं पॅराशूट उघडलं
आणि निघालं निवांत
जिकडे नको तिकडेच.

तारेला लटकलं. झुललं.
हर्षलची नजर बांबूकडे गेली.
मी तोंड उघडायच्या आत निलोफर म्हणाली,
‘तारेचं झालं.’
चार आठवडे खपली होती ती त्यावर,
मागच्या पंखावर आईच्या नेलपॉलिशने
स्वतःचं नाव.

आम्ही बघत राहिलो.
वारा आता जागा झाला होता.
मी किल्ली खिशात टाकली, बटण लावलं, वळलो,
तर ती सळईपाशी,
मान बाजूला ठेवून,
टोकाला बूच लावत होती.