बरं का

वन्सं यादी घेऊन आल्या.
लाइटबिलाच्या पाठीवर सतरा नावं
(बिल अजून सासऱ्यांच्याच नावाने येतं,
ते जाऊन आठ वर्षं झाली),
काहींवर फुली, अर्णवपुढे दोन टिकल्या.
अकरा वर्षं त्या थांबल्यात
या घरात कोणाच्या तरी कानात कुर्र करायला.
पाळणा माळ्यावर आहे, त्यात कोकमांची पोती.
ज्याला घालायचं तो अंगणात उभा,
नऊ वर्षांचा, माझ्या खांद्याला लागलेला,
दार-ए-सलामहून आणलेल्या एकाच चपलेत.
दुसरी परवा भरतीने नेली.

तिथे त्याचं नाव बराका.
हर्णैत उतरल्यापासून त्याची मान दुखत असणार.
पोस्टमन म्हणतो, इथे सही करा, बरं का.
सोडेवाली म्हणते, कालचेच आहेत, बरं का.
आणि हा दर वेळी वळून बघतो,
अख्खं गाव आपल्याला ओळखतं
अशा चेहऱ्याने.

हे म्हणाले, शाळेत हसतात त्याला.
गावाने नावं ठेवून झाली,
आता आपण एक ठेवू. फॉर्मवर रकाना रिकामाच आहे.
मुलांना महिन्याभरात सवय होते.

मी तांदूळ निवडत होते. मान वर केली नाही.
माझंही असंच एकदा ठेवलं होतं,
ताटात तांदूळ पसरून, अंगठीच्या कडेने.
मांडवात टाळ्या वाजल्या.
उज्ज्वला ताटात राहिली
आणि मृण्मयी उठून पेढे वाटायला लागली.
पुढे कितीतरी दिवस
सासूबाई ओटीवरून हाक मारायच्या
आणि मी विहिरीवर दोर धरून तशीच,
कोणाला बोलावतायत कळेना.
सून ऐकायला कमी आहे का, असं शेजारणीने विचारलंसुद्धा.
त्या तांदळांचा दुसऱ्या दिवशी भात झाला.
मीच शिजवला.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते.
आणि माझी भाषा तरी हीच होती.

संध्याकाळी हलिमाखाला नवा तांदूळ घेऊन आली.
ओटीवर फतकल मारून शेराने मोजू लागली:
बरकत. दोन. तीन.
तो पायरीवरून उठला, तिच्यासमोर जाऊन बसला.
"एक कुठे?" एवढं मराठी आलंय त्याला.
"एक म्हणायचा नाय रे बाला.
एक म्हटला की खुंटतो.
सुरवात बरकतीने."
त्याने छातीवर हात ठेवला.
"बराका," म्हणाला. "मी."
खालाचा शेर हवेत राहिला.
कितवा ते विसरली,
सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.

वन्संनी यादीची घडी घातली, परत उलगडली.
"मग मी कानात म्हणू काय?"
राग नव्हता त्यात. अकरा वर्षं होती.

"आहे तेच म्हणा," मी म्हटलं.
मोठ्याने बोलले असणार,
कारण हे खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले.

वन्संना वाकवेना, म्हणून तोच गुडघ्यांवर बसला.
कुर्र झालं. त्याला गुदगुल्या झाल्या.
मग त्याने वन्संचं डोकं दोन्ही हातांत धरलं
आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं.
ते काय, त्या अजून कोणाला सांगत नाहीत.
यादी मात्र लाइटबिल म्हणून
डब्याखाली ठेवलीय, भरायची तारीख सोळा.

रात्री सगळे निजल्यावर
मी विहिरीच्या कठड्यावर वाकून
हळूच म्हणून बघितलं, उज्ज्वला.
आत कुठेतरी एक बेडूक गप्प झाला.
मागे तो उभा, अनवाणी.
"कोण?" म्हणाला.